आश्रय कोणी दिला आणि जमीन कोणाची होती

२७ ऑक्टोबर १९३६ रोजी ‘स्टुटगार्ट’ नावाचे जहाज केपटाऊनच्या बंदरात लागले. जहाजावर जर्मनीतून निघालेले ५३७ ज्यू निर्वासित होते. १ नोव्हेंबरपासून दक्षिण आफ्रिकेत उतरणाऱ्यांकडून मोठी रोख अनामत मागण्याचा नियम लागू होणार होता आणि त्याआधी पोचण्यासाठी हे जहाज मुद्दाम ठरवून घाईने सोडण्यात आले होते. ‘ग्रेशर्ट्स’ या नाझीधार्जिण्या संघटनेने त्याच्या विरोधात सभा घेतल्या, आणि स्टेलनबॉश विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी या लोकांना देशात घेऊ नये अशी मागणी सरकारकडे केली. त्या प्राध्यापकांत समाजशास्त्र शिकवणारे हेंड्रिक फेरवूर्ड होते. हेच फेरवूर्ड १९५८ साली पंतप्रधान झाले आणि वर्णभेदाच्या राज्यव्यवस्थेला त्यांनी पूर्ण रूप दिले. त्या व्यवस्थेत मात्र १९३६ साली नकोशी असलेली ही माणसे ‘गोरी’ म्हणून नोंदली गेली. गोऱ्यांच्या वस्तीत घर, गोऱ्यांच्या शाळेत मुले आणि संसदेसाठी मत हे सारे त्यांना मिळाले, आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर गेल्या होत्या त्यांना यातले काहीच मिळाले नाही.

वसाहतकालीन आफ्रिकेत नव्याने संसार उभारणाऱ्या ज्यू कुटुंबांबद्दल आज जे बोलले जाते त्यात दोन टोकाची मते प्रबळ आहेत. एक मत असे की ती मृत्यूच्या दाढेतून सुटलेली निष्पाप माणसे होती, तेव्हा त्यांच्याविषयी सहानुभूतीखेरीज दुसरा शब्द काढणेच अनुचित होय. दुसरे मत असे की आफ्रिकेच्या जमिनीवर बस्तान बसवणारा प्रत्येक गोरा वसाहतवादीच, मग तो लंडनहून आलेला असो की जर्मनीतल्या ब्रेस्लाऊहून. पहिल्या मतात आफ्रिकन माणूस केवळ स्वयंपाकी किंवा गुराखी म्हणून येतो, तर दुसऱ्या मतात युरोपातल्या छळछावण्यांना जागाच उरत नाही. मला ही दोन्ही मते सोयीची आणि म्हणूनच अपुरी वाटतात. जीव वाचवण्यासाठी आलेल्या माणसाकडे ‘आलास का’ असा जाब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु भीती ओसरल्यावर आणि नागरिकत्व हाती आल्यावर त्या व्यवस्थेशी त्याने कोणते नाते ठेवले, हा प्रश्न विचारता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याने दुसऱ्याच्या जमिनीवर आश्रय वाटला, त्या सत्तेकडे पहिला हिशेब मागायला हवा, आणि ही दोन्ही मते नेमके तेच टाळतात.

ही वाटणी नाझींच्या आधीपासून चालत आलेली आहे. एप्रिल १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह येथे ज्यूंची कत्तल झाली आणि त्याच वर्षी ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी ज्यूंसाठी स्वतःची भूमी मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांच्यापुढे पूर्व आफ्रिकेत ज्यूंची वसाहत करण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याला ‘युगांडा योजना’ म्हणतात, पण सुचवलेली जागा आजच्या केनियातील उआसिन गिशू पठारावर होती. ऑगस्ट १९०३ मध्ये बाझेलच्या सहाव्या झायोनिस्ट अधिवेशनात या प्रस्तावावरून संघटना फुटण्याची वेळ आली. अखेर पाहणी समिती पाठवण्याच्या बाजूने २९५ आणि विरोधात १७८ मते पडली. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की आपली भूमी पॅलेस्टाईन, आफ्रिका नव्हे. तिकडे नैरोबीतील गोरे मळेवाले लॉर्ड डेलमेअर यांच्या पुढाकाराने संतापले, कारण त्यांना तेथे ज्यू नको होते. ज्या पठारावर मसाई आणि नांदी आपली गुरे चारत आले होते त्याच्याविषयी बाझेल, लंडन आणि नैरोबी या तिन्ही ठिकाणी कडाक्याची चर्चा झाली, आणि नांदींना काय वाटते हा प्रश्न तिन्ही ठिकाणी निघाला नाही. १९०५ साली अधिवेशनाने योजना फेटाळली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबर रोजी नांदींचा पुढारी कोइतालेल अराप समोएई याला वाटाघाटीसाठी बोलावून ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळी घातली, आणि १९०८ मध्ये त्याच पठारावर दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या बोअर कुटुंबांना वसवण्यात आले. म्हणजे ज्यू आले नाहीत म्हणून नांदींची जमीन वाचली असे काही झाले नाही. ब्रिटनने २०२२ साली आपल्या दारात आलेल्या आश्रयार्थींना रवांडात पाठवण्याचा करार केला तेव्हा त्यावर योग्य ती टीका झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती योजना बेकायदा ठरवली. पण त्या करारावर निदान रवांडाच्या सरकारची सही होती, एवढा फरक शतकाने पडला म्हणायचा.

१९३३ नंतर जर्मनीतून आणि १९३८ नंतर ऑस्ट्रियातूनही ज्यू कुटुंबे मिळेल त्या देशाचा परवाना शोधू लागली तेव्हा आफ्रिकेची दारे कशी उघडझाप करत होती हे पाहिले म्हणजे ‘आफ्रिकेने आसरा दिला’ हे वाक्य किती पोकळ आहे ते कळते. दक्षिण आफ्रिकेने १९३० च्या कोटा कायद्याने लिथुआनिया, लाटविया, पोलंड या देशांतून येणाऱ्यांची संख्या जवळजवळ शून्यावर आणली होती. हा कायदा आणणारे गृहमंत्री डॅनियल मलान पुढे १९४८ साली वर्णभेदाचा जाहीरनामा घेऊन सत्तेवर आले. जर्मनी त्या कोट्याबाहेर होता, म्हणून १९३३ ते १९३६ या काळात काही हजार जर्मन ज्यूंना तेथे उतरता आले. ‘स्टुटगार्ट’च्या गदारोळानंतर, १ फेब्रुवारी १९३७ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याने ज्यूंचे नाव न घेता अशी कसोटी घातली की अर्जदार देशातील युरोपीय रहिवाशांत सहज मिसळून जाणारा असावा. हा निकष अर्जदाराच्या संकटाचा विचारच करत नाही. गोऱ्यांच्या गटात हा माणूस खपेल की नाही एवढेच तो पाहतो, आणि देशातील बहुसंख्य प्रजेशी तो मिसळेल का याला तर त्यात स्थानच नाही. ज्यांना परवाना मिळाला त्यांना तो या निकषावर मिळाला, ज्यांना नाकारला गेला त्यांनाही याच निकषावर.

केनियात कायदा वेगळा पण मनोवृत्ती तीच होती. ब्रिटनमधील ज्यू पुढाऱ्यांनी युद्धापूर्वीच्या शेवटच्या काळात ‘प्लाऊ सेटलमेंट असोसिएशन’ ही संस्था काढली आणि तरुण जर्मन ज्यूंना शेतीचे शिक्षण देऊन केनियातील मळ्यांवर वसवण्याचे ठरवले. संख्या अतिशय थोडी ठेवण्याची अट होती, आणि येणाऱ्यांनी शहरात व्यापार किंवा व्यवसाय करू नये अशी गोऱ्या रहिवाशांची अपेक्षा होती, कारण स्पर्धेची भीती तेथेच होती. प्रत्यक्षात केनियात युद्धाच्या तोंडावर पोचलेले ज्यू निर्वासित काही शेच होते. जर्मन विद्यापीठात कायदा शिकलेल्या वकिलाची पदवी ब्रिटिश कायद्याच्या मुलखात निरुपयोगी ठरली आणि असे कित्येक सुशिक्षित पुरुष दुसऱ्याच्या मळ्यावर तुटपुंज्या पगाराचे व्यवस्थापक झाले. ज्यांनी कधी गाईची धार काढली नव्हती त्यांनी दुभती जनावरे सांभाळली, मका पेरला, कीटकनाशकासाठी लागणारी पायरेथ्रमची फुले वेचून घेतली, टोळधाड आणि अवर्षण सोसले. मागे राहिलेल्या आईवडिलांना बाहेर काढण्यासाठी लागणारी अनामत जमवता जमवता युद्ध सुरू झाले आणि पत्रे येणे थांबले. हे हाल खरे आहेत आणि ते कोणत्याही युक्तिवादासाठी कमी करून सांगण्याचे कारण नाही.

पण त्याच मळ्यावर दुसरेही एक सत्य नांदत होते. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पारपत्रावर लाल ‘जे’ अक्षर उमटवले जात होते. ते पारपत्र पेटीत ठेवून केनियात राहू लागलेल्या माणसाच्या हाताखाली जो काम करत होता त्याच्या गळ्यात धातूच्या डबीत घातलेला ‘किपांडे’ लटकत होता. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला तो बाळगावा लागे; त्यावर बोटांचे ठसे आणि नोकरीचा तपशील असे, आणि मालकाची नोंद झाल्याशिवाय त्याला काम सोडता येत नसे. मळ्याच्या कडेला झोपडी बांधून राहणाऱ्या कुटुंबाला १९१८ च्या कायद्याने वर्षातून किमान १८० दिवस मालकाकडे राबणे भाग होते, आणि ही जमीन बहुधा त्या कुटुंबाच्याच किंवा शेजारच्या जमातीची असे. नवा आलेला निर्वासित खिशाने कफल्लक असला तरी पहिल्याच दिवशी ‘ब्वाना’ म्हणजे साहेब झाला आणि त्याची बायको ‘मेमसाब’. त्यांनी हे मागितले नव्हते, पण ते नाकारण्याची मुभाही व्यवस्थेत नव्हती असे म्हणणे अर्धेच खरे आहे. काही कुटुंबांनी आपल्या माणसांशी आदराने वागून, त्यांची भाषा शिकून, मुलांना त्यांच्यात मिसळू देऊन गोऱ्या शेजाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली, काहींनी शेजाऱ्यांचे वळण चटकन उचलले. मात्र चांगुलपणाने वागलेल्यांच्या आठवणी सांगून किपांडे आणि १८० दिवस झाकता येत नाहीत. मालक दयाळू असला तरी कायदा मालकाच्याच बाजूचा होता.

गोरेपणाचे हे छत्रही पुरते भरवशाचे नव्हते, हे सप्टेंबर १९३९ मध्ये दिसले. युद्ध पुकारताच केनियातील अनेक ज्यू पुरुषांना जर्मन नागरिक म्हणून, म्हणजे शत्रू म्हणून, स्थानबद्ध करण्यात आले. हिंदुस्थानातही तेच घडले; ‘आमच्याकडे ज्यूंचा कधी छळ झाला नाही’ असे अभिमानाने सांगताना आपण विसरतो की मुंबईत आलेल्या काही जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यूंना इंग्रज सरकारने स्थानबद्धतेच्या छावण्यांत ठेवले, आणि त्यांतली एक आपल्या पुरंदर किल्ल्यावर होती. पुढे यथावकाश केनियातील बहुतेकांची सुटका झाली, काही ब्रिटिश सैन्यात भरती झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व एका फर्मानाने काढून घेतले, तेव्हा ज्यांना ब्रिटिशांनी जर्मन म्हणून पकडले होते त्यांना जर्मनीने आपले मानायचे नाकारले होते. अशा अवस्थेतील माणसाने किपांडेविरुद्ध आवाज उठवायला हवा होता, असे आज आरामखुर्चीत बसून म्हणणे मला लाजिरवाणे वाटते.

केनियात जागा नव्हती, हवामान सोसणार नव्हते, खर्च झेपणार नव्हता, असे जे सांगितले गेले त्याची परीक्षा पुढे आपोआप झाली. १९४२ पासून सोव्हिएत संघातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांना ब्रिटिशांनी आपल्या साम्राज्यात ठिकठिकाणी ठेवले. टांगानिकातील (आजच्या टांझानियातील) टेंगेरू, युगांडातील मासिंडी यांसह पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या छावण्यांत सुमारे १८,००० पोलिश स्त्रिया, मुले आणि वृद्ध आले. याच मालिकेतली एक छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती आणि तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसे १९४३ पासून युद्धानंतरची काही वर्षे राहिली. युद्धाच्या ऐन टंचाईत एवढ्यांची सोय होऊ शकली, तर शांततेच्या काळात काही हजार ज्यू कुटुंबे का सामावली गेली नाहीत? याला एक उत्तर देता येते: पोलिश लोक छावणीत राहणार होते, खर्चाची जबाबदारी त्यांच्या परागंदा सरकारने स्वीकारली होती, आणि युद्ध संपताच ते जातील असे गृहीत होते. हे उत्तर खरे आहे, पण त्याने वसाहत सरकारची बाजू भक्कम होत नाही, कारण अडचण जागेची नसून कायमच्या गोऱ्या शेजाऱ्याची निवड कोणी करायची याची होती, हेच त्यातून कबूल होते.

पूर्व आफ्रिकेतील हिंदी माणसांनाही येथे आरशासमोर उभे राहावे लागते. केनियाच्या ‘व्हाइट हायलँड्स’मध्ये, म्हणजे १९३९ साली कायद्याने आखून दिलेल्या १६,००० चौरस मैलांहून अधिक उत्तम जमिनीत, ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी माणसाला शेती घेता येत नव्हती, पण शत्रुराष्ट्रातून आलेला जर्मन ज्यू युरोपीय म्हणून तेथे शेती करू शकत होता. हिंदी पुढाऱ्यांना हे झोंबणे स्वाभाविक होते. तथापि त्यांची दीर्घकाळची मुख्य तक्रार आपल्याला त्या जमिनीत समान वाटा नाही ही होती; मूळ किकुयू किंवा नांदी मालकांचे काय, हा मुद्दा त्यांच्या निवेदनांत क्वचितच पुढे असे. गोव्यातून गेलेली कितीतरी कुटुंबे वसाहतीच्या कचेऱ्यांत कारकुनी करून सन्मानाने जगली आणि वरच्या व खालच्या यांच्यामधली पायरी त्यांनी मुकाट्याने स्वीकारली. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पियो गामा पिंटो यांनी ती नाकारली. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात ब्रिटिशांनी त्यांना १९५४ ते १९५९ स्थानबद्ध ठेवले, आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पिंटो यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्यांच्या काळातील बहुतेक गोमंतकीय पिंटोंच्या वाटेने गेले नाहीत. ज्यू निर्वासितांच्या मौनाला आपण जो न्याय लावू तोच आपल्या माणसांच्या मौनाला लावावा लागेल.

म्हणूनच काळाचा भेद करणे मला आवश्यक वाटते. १९३९ सालचे मौन हे परवाना रद्द होईल या भीतीने गप्प बसलेल्या माणसाचे होते. १९६० सालचे मौन हे मतदाराचे होते. दक्षिण आफ्रिकेतील ज्यू समाजाच्या प्रातिनिधिक संस्थेने, बोर्ड ऑफ डेप्युटीजने, समाज म्हणून आपले राजकीय मत नाही, व्यक्तींनी आपापले ठरवावे अशी भूमिका कित्येक वर्षे घेतली आणि वर्णभेदाचा स्पष्ट निषेध करणारा ठराव १९८५ मध्ये केला. या उशिरामागे भीती होतीच, कारण सत्तेवर बसलेले लोक तेच होते ज्यांनी १९३६ साली जहाज परत पाठवायला सांगितले होते. पण पाव शतक तग धरलेली भीती हळूहळू सोय होऊन बसते, आणि त्या सोयीचा लाभ घरे, शाळा, दवाखाने, धंदे या सर्वांत रोज मिळत होता. हे म्हणताना मी सगळ्या समाजाला एका दोरीत बांधत नाही. बहुसंख्य गोऱ्या समाजाच्या मानाने ज्यूंमध्ये विरोधकांचे प्रमाण खूपच मोठे होते.

ते किती मोठे होते हे सांगताना जो स्लोव्हो, रूथ फर्स्ट, हेलन सुझमन या वर्णभेदविरोधकांची नावे हमखास पुढे केली जातात. स्लोव्हो लिथुआनियात जन्मले आणि लहानपणी जोहान्सबर्गला आले. मागे राहिलेल्या लिथुआनियन ज्यूंपैकी दहांत नऊहून अधिक माणसे नाझींच्या काळात मारली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवासाचे मोल कळते. ११ जुलै १९६३ रोजी वर्णभेदविरोधकांचा गुप्त अड्डा असलेल्या लिलिसलीफ फार्मवर जी धाड पडली तिच्यात सापडलेल्या गोऱ्यांमध्ये ज्यूंचाच भरणा होता. पण त्यानंतरच्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे पर्सी युटार हेही लिथुआनियातून आलेल्या ज्यू आईबापांचे पुत्र होते. एकाच मुळातून आलेली माणसे आरोपीच्या पिंजऱ्यात आणि सरकारी वकिलाच्या जागी उभी होती, तेव्हा छळ सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होतो ही समजूत सोडून द्यावी हे बरे. त्या खटल्यातील आरोपी डेनिस गोल्डबर्ग यांना जन्मठेप झाली आणि त्यांनी बावीस वर्षे तुरुंगात काढली, ती मात्र मंडेला आणि सिसुलू यांच्याबरोबर रॉबेन बेटावर नव्हे, तर प्रिटोरियातील गोऱ्यांच्या तुरुंगात. ज्याने आपले गोरेपण झिडकारले त्यालाही सरकारने ते सोडू दिले नाही. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, सायमन झुकास यांचे उदाहरण कमी परिचित पण बोलके आहे. ते १९३८ साली लिथुआनियातून मुलगा म्हणून आले, तरुणपणी आफ्रिकन राष्ट्रवाद्यांबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाखालील नियोजित मध्य आफ्रिकी संघराज्याच्या विरोधात उभे राहिले, १९५२ मध्ये वसाहत सरकारने त्यांना हद्दपार केले, आणि झांबिया स्वतंत्र झाल्यावर परत येऊन पुढे ते त्या देशाचे मंत्री झाले. त्यांना आसरा दोनदा मिळाला असे म्हणता येईल: पहिल्यांदा वसाहतीच्या कायद्याने, आणि दुसऱ्यांदा ज्यांची भूमी होती त्यांच्या संमतीने.

केनियातील ज्यू मळेवाल्यांची संख्या इतकी अल्प होती की जमिनीच्या प्रश्नाचा भार त्यांच्यावर टाकणे हास्यास्पद ठरेल. त्यांतले कित्येक युद्धानंतर जर्मनीला, इस्राएलला किंवा इंग्लंडला निघून गेले. पश्चिम जर्मनीने १९५६ च्या संघीय भरपाई कायद्याने हिरावलेले स्वातंत्र्य, बुडालेला व्यवसाय आणि शिक्षण यांची भरपाई देण्याचे मान्य केले आणि जगभर विखुरलेल्या निर्वासितांचे दावे ऐकले. ही भरपाई तोकडी होती, तिच्यामागची कागदपत्रे अपमानास्पद होती, तरीही माणसाचे आयुष्य उखडून टाकणाऱ्या राज्याने पैशात तरी उत्तर दिले पाहिजे हे तत्त्व तिने मान्य केले. ब्रिटनने हे तत्त्व केनियात उलटे लावले. १९६२ पासून सुरू झालेल्या ‘मिलियन एकर’ योजनेत गोऱ्या मळेवाल्यांची जमीन ब्रिटन आणि जागतिक बँक यांच्या कर्जातून बाजारभावाने विकत घेतली गेली, आणि ते कर्ज हप्त्याहप्त्याने फेडण्याचे काम त्या जमिनीवर वसवलेल्या आफ्रिकन शेतकऱ्यांकडे आले. आजोबांची जमीन नातवाने विकत घेतली. जून २०१३ मध्ये ब्रिटनने माऊ माऊ काळातील ५,२२८ पीडितांना १ कोटी ९९ लाख पौंड देण्याचे मान्य केले, पण ते छळाबद्दल, जमिनीबद्दल नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये केनियातील केरिचोच्या चहामळ्यांसाठी हुसकावल्या गेलेल्या किप्सिगिस आणि तलाई कुटुंबांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनविरुद्ध अर्ज दाखल केला. तीन पिढ्यांपूर्वीच्या हानीचा दावा आज कसा ऐकायचा, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. जर्मनीने ज्यू कुटुंबांच्या बाबतीत त्याचे उत्तर १९५६ मध्येच दिलेले आहे, आणि ते उत्तर बर्लिनसाठी खरे असेल तर लंडनसाठी का नाही, याचे समाधानकारक कारण मला अजून कोणाच्या लेखणीत आढळलेले नाही.